ढगात शिरायचा परवाना

खिडकीतून तीन म्हातारे अंगणात शिरताना दिसले आणि उल्मेकेनच्या हातातली वाडगी कलली. दुधाचा चहा मांडीवर सांडला, चटका बसला, पण तो लांबून, दुसऱ्याच कुणाला बसल्यासारखा कळला. तिघे म्हातारे. तिघांच्या डोक्यावर केसाळ टोप्या. तिघे एकाच चालीनं, काळपट बर्फातून पाय उचलत, एकमेकांशी चकार शब्द न बोलता इमारतीच्या दाराकडे निघालेले. मधल्याचा हात पाठीमागे. अशा सकाळी तीन म्हातारे गुपचूप कुणाच्या दारात कशासाठी जातात, हे ओस्केमेनमधल्या कुठल्याही कझाख बाईला समजावून सांगावं लागत नाही. मरणाची बातमी आपल्यात कुणी फटकन तोंडावर मारत नाही, फोनवर तर नाहीच नाही. वयाची, शब्दाला वजन असलेली माणसं जमतात, घर गाठतात, बसतात, ससाण्याबद्दल बोलतात, आटलेल्या तळ्याबद्दल बोलतात, आणि आपलं काय गेलं ते ऐकणारीनं हळूहळू स्वतःच उमजून घ्यायचं असतं. उल्मेकेननं घरातली माणसं मनातल्या मनात चाचपली. सून रौशान आत कणीक तिंबतेय, थपथप ऐकू येतंय. नात तोगझान ही काय समोर, टेबलाशी, लॅपटॉपच्या उजेडात तोंड निळं करून बसलेली. मग उरला बेकेन. एकुलता एक मुलगा. पहाटेच रेल्वेच्या वर्कशॉपात गेलेला, जाताना मफलर विसरलेला. आणि तेवढ्यात खाली तिघे म्हातारे दाराच्या अलीकडेच थांबले, एका जुनाट गाडीभोवती गोळा झाले, मधल्यानं पाठीमागचा हात पुढे आणला तर त्यात तारांचं भेंडोळं. गाडीचं तोंड उघडून तिघेही आत वाकले. थंडीनं बॅटरी बसली होती कुणाची तरी. एवढंच. काहीही झालेलं नव्हतं. पण मांडीवरचा चहा आता चांगलाच भाजायला लागला होता, आणि तिची बोटं वाडगीवरून सुटायला तयार नव्हती.

"आपा, भाजलं का?" तोगझान खुर्ची मागे सारून उठली.

"मला काय धाड भरलीय. तुझ्या आईनं वाडगी काठोकाठ भरली. म्हातारीनं आता उठून चालू पडावं असं असेल तिच्या मनात."

"अर्धीसुद्धा नव्हती भरली, आपा," आतून रौशान म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीत.

"हो ना, मग चहानंच उडी मारली. या घरात सगळ्यांनाच उडायचं असतं."

तोगझान हसली. फडकं आणून तिनं आजीची मांडी टिपली, वाडगी काढून घेतली, परत भरून आणली, नीट, कमी, मानाच्या माणसाला देतात तशी. पोरीचे हात गरम होते. उल्मेकेननं ते हात क्षणभर धरून ठेवले आणि मग, आपण धरलेत हे लक्षात आल्यावर, झटकल्यासारखे सोडले. बाहेर काही दिसत नव्हतं. दोन दिवस वारा पडला होता आणि कारखान्यांचा धूर डोंगरांच्या वाडग्यात साचून शहरावर बसला होता. न गोठलेल्या इर्तिशची वाफ त्यात मिसळली होती. समोरची इमारत नुसती अंदाजानं होती. असल्या दिवसात विमानं उतरत नाहीत. असल्या दिवसात घरातलं पोर जमिनीवर आहे, याचं सुख तिला चोरट्यासारखं वाटत आलं होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती. कारण गल्लीभर, बाजारभर, दवाखान्याच्या रांगेत, "माझी नात विमान चालवते, आजोबांवर गेलीय," हे छाती काढून सांगणारी तीच. चौथीनंतर पाटी सोडलेली बाई. औषधाच्या बाटलीवरचं नाव बोट फिरवत वाचणारी. पण तोगझानच्या परवान्यावरचं नाव तिनं एका दमात वाचलं होतं.

परवाना तसा होता. एका इंजिनाचं लहान विमान चालवून त्यावर पोट भरायची परवानगी होती. पण तेवढ्यावर कुणी पोट भरू देत नाही, हे परवाना हातात आल्यावर कळलं. त्याच्यावर आणखी शिक्के लागतात. रेटिंग म्हणतात त्यांना. पोरगी ज्या सुट्ट्या लग्नघरात, नदीवर घालवायच्या त्या सगळ्या विमानाच्या मागे घालवून बसली होती आणि आता तिला म्हणत होते, बाई, हे तर नुसतं जोतं झालं. घर बांध. आता कुठली खोली आधी बांधायची यावर काल बेकेनचं आणि रौशानचं बोलणं झालं होतं. भांडण नव्हे, या घरात भांडणं होत नाहीत. अल्माटीच्या विमानाच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती, ढगातल्या रेटिंगची, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर उडवायच्या. इथल्या विमानांच्या क्लबातही एक जागा होती, शिकवण्याच्या रेटिंगची. दोन्हींचे वर्ग एकाच वेळी सुरू होणार होते आणि अल्माटीवाल्यांना दुपारच्या आत फोन हवा होता.

"मला परत एकदा सांग," उल्मेकेन म्हणाली. "सावकाश. मी काही इंजिनियर नाही."

"शिकवण्याचं घेतलं तर इथंच राहायचं, आपा. क्लबात येणाऱ्यांना शिकवायचं. रोज उडायला मिळतं, उडण्याचे तास वहीत आपोआप चढत जातात. पण तास चढून करायचं काय? ढगातलं नसेल तर मोठी कंपनी दारातसुद्धा उभं करत नाही."

"आणि ते दोन इंजिनांचं?"

"ते नुसतं घेऊन शोभेला. ढगातल्याच्या जोडीनं घेतलं तरच कामाचं. पण ढगातलं घेऊन ठेवलं आणि वर्षभर ढगात जायलाच मिळालं नाही, तर ते गंजतं. दर वर्षी नव्यानं परीक्षा."

"गंजू दे," रौशान हात पुसत दारात आली. "गंजलेलं का असेना, असू दे. निळा कोट, सोनेरी पट्टे, पोटाला गरम जेवण. तिचे बाबा म्हणतात फवारणीचं घे, टोळधाडीवर औषध मारायचं, उन्हाळाभर काम, हिवाळाभर घरी. मी म्हटलं, जमिनीला पोट घासत उडायचं आणि ते विष नाकात घ्यायचं, मग पुढे मूल कुणी जन्माला घालायचं?"

"तू घातलंस ना एक? ते बघ, बसलंय टेबलाशी आकाशाची खरेदी करत. बास झालं तेवढं."

रौशान ओठ मुडपून हसली आणि आत गेली. कणकेवर परत हात पडू लागले. तोगझानच्या बोटानं लॅपटॉपवरची एक ओळ पुन्हा पुन्हा वर ओढली, खाली ओढली. कुठली ते उल्मेकेनला चष्म्याशिवायही कळत होतं.

"सगळे म्हणतात ढगातलंच सगळ्यात सुरक्षित," पोरगी खाली बघत म्हणाली. "बाहेर दिसेनासं झालं की न शिकलेला माणूस घाबरतो आणि घाबरून मरतो. शिकलेला मरत नाही."

शिकलेला मरत नाही. उल्मेकेननं वाडगी तोंडाला लावली आणि चहा गिळायच्या ऐवजी तसाच तोंडात धरून ठेवला. या वाक्याला तिच्या घरात एक फोटो होता, काळ्या चौकटीत, भिंतीवर, सोफ्याच्या वर. दोसान. तिचा नवरा. कातडी कोट, डोळे बारीक, एक खांदा वर. दुहेरी पंखांचं ते ढोलं विमान चालवायचा तो, ज्याला सगळे लाडानं अन्नुश्का म्हणत. डॉक्टरला घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर जायचं, आजाऱ्याला घेऊन यायचं. बर्फावर उतरायचा, गवतावर उतरायचा, आणि सुरुवातीची वर्षं ढग दिसला की माघारी फिरायचा, कारण ढगात शिरायचा शिक्का त्याच्याकडे नव्हता. मग एका शरदात त्यांनी त्याला लांब पाठवलं, तो शिक्का आणायला. काचेवर पडदा ओढून उडवायला लावायचे म्हणे. आल्यावर रात्रंदिवस तेच बोलायचा. "उल्मेकेन, माणसाचं अंग खोटं बोलतं. वाटतं सरळ चाललोय, आणि विमान केव्हाचं कलंडलेलं असतं. ढगात अंगाचं ऐकायचं नाही. काट्यांचं ऐकायचं." तिनं विचारलं, "आणि बायकोचं?" तो म्हणाला, "बायको काट्यांतच धरायची." ती तेव्हा काय हसली होती. हसताना छातीत दूध आल्यासारखं भरून यायचं, इतका गर्व होता तिला त्या शिक्क्याचा. विमानांच्या तळावर मोजून दोघांकडे होता. तिनंच सगळ्यांना सांगितलं, तिनंच मेजवानी ठरवली, तिनंच सासऱ्याकडून मेंढा मागवून घेतला. शनिवारी दुपारी सगळ्यांनी यायचं.

शनिवारी सकाळी दोसान तळावर गेला होता, पटकन येतो म्हणून. चुलीवर मांस रटरटत होतं, बायका कढईतून बाउर्साक, कणकेचे फुगलेले वडे, काढत होत्या, खिडक्यांवर वाफेचे ओघळ. उल्मेकेननं हिरवा मखमली झगा घातला होता आणि त्याच्या घेराची खोळ करून तीत गोळ्या भरल्या होत्या, लाल कागदातल्या, पिवळ्या कागदातल्या, मध्ये मध्ये चिल्लर. आनंदाच्या घरी येणाऱ्यांवर उधळायला. आधी पोरं धावतात, मग मोठेही हसत हसत वाकतात, एक तरी गोळी खिशात टाकतात, घरी नेतात. दुसऱ्याच्या सुखाचा तेवढा तुकडा आपल्या घरात यावा म्हणून. दाराशी बूट वाजले. ती धावली. तळाचा प्रमुख कप्पास आगा होता, त्याच्या मागे दोन वयस्क, मागे आणखी कोण कोण. तिनं तोंडं बघितली नाहीत. कशाला बघेल? ते सगळे येणार हे तिला माहीतच होतं. तिनं मूठ भरून उधळली, मग दुसरी, मग खोळच झटकली. गोळ्या त्यांच्या टोप्यांवर पडल्या, खांद्यांवरून घरंगळल्या, बुटांवर टपटपल्या. कप्पास आगाच्या टोपीच्या काठात एक लाल गोळी अडकून राहिली. आणि कुणीही वाकलं नाही.

कुणीही वाकलं नाही. फक्त बेकेन, तेव्हा पाच वर्षांचा, त्या बुटांच्या मधून रांगत गोळ्या वेचत होता. त्याचा हात एका बुटाला लागला तर तो बूट एवढासा मागे सरला. त्यांच्यातला सगळ्यात वयस्क अक्साकाल खाकरला आणि म्हणाला, "सूनबाई, उंच उडणारा ससाणा कधी कधी..." तिला तेव्हाच कळलं होतं. पण तोंड काही वेगळंच म्हणालं. "ससाण्याचं मागनं बघू. आधी आत या, मांस निवतंय." आणि ती आत वळली, मोठं ताट भरलं, रिवाजाप्रमाणे कुणाला कुठला तुकडा ते बघून वाढलं, कप्पास आगासमोर मेंढ्याचं डोकं ठेवलं. आणि ते जेवले. सगळे बसले आणि जेवले. तिला बाकी काही आठवलं नाही तरी ते जेवण आठवतं: खाली बघून चावणारे जबडे, चरबीनं चकाकणारी बोटं, घास अडकल्यावर हललेला कप्पास आगाचा गळा. घरच्या बाईनं वाढलंय, नको कसं म्हणायचं. नको म्हणणं एकाही पुरुषाला जमलं नाही.

एका मेंढपाळाच्या पोटात दुखत होतं, लांब, डोंगरापलीकडे. त्याला आणायला दोसानला पाठवलं. ढग खिंडीत टेकलेले. काटे काय सांगत होते ते काट्यांनाच माहीत. डोंगर काट्यांत दिसत नाही. मेंढपाळ जगला. घोड्याच्या घसरगाडीवर घालून त्याला खाली आणला लोकांनी, आणि तो जगला, त्याला आणखी पोरं झाली. उल्मेकेननं त्यानंतर सगळी वर्षं एकच गोष्ट मनाशी घोटली, ती तिच्या हाडात भिनली होती: शिक्का नसता तर तो मेला नसता. ज्यांच्याकडे शिक्का नव्हता ते त्या सकाळी तळावर बसून पत्ते कुटत होते. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. लोक समजतात कागद म्हणजे ढाल. अरे, कागद म्हणजे पत्ता. जितके शिक्के जास्त, तितक्या जास्त जागी तुला पाठवता येतं. एवढं साधं शिकलेल्यांच्या डोक्यात शिरत नाही. आणि म्हणून तिनं आज सकाळीच, पोरगी दात घासत होती तेव्हाच, ठरवून टाकलं होतं की दुवा द्यायचा तो शिकवण्याच्या रेटिंगला. इथं, क्लबात, नदीकाठी, उजेडात, स्वच्छ हवेत, चार पोरांना गोल गोल फिरवत. संध्याकाळी घरी. तिच्या दुव्याशिवाय या घरातलं माणूस उंबरा ओलांडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोगझान सकाळपासून त्याचीच वाट बघत समोर बसली होती. ती विचारायला बसली नव्हती. दुव्यासाठी तळहात पसरायला बसली होती.

"तुझे आजोबाही शिकलेलेच होते," उल्मेकेन म्हणाली.

"माहीत आहे, आपा." तोगझाननं फोटोकडे बघितलं नाही, त्या घरात कुणालाच फोटोकडे बघावं लागत नसे. "पण आता तसं नाही. हवा बरी नसेल तर कॅप्टननं नाही म्हणायचं. कुणी जबरदस्ती नाही करू शकत. नियमच आहे."

"तेव्हाही होता."

हे शब्द उल्मेकेनच्या तोंडून गेले आणि तिचे तिलाच ऐकू आले. तेव्हाही होता. हे तिला कुणी सांगितलं होतं? गेनादीनं. गेनादी, तळावरचा दुसरा. ज्याच्याकडे तोच शिक्का होता तो. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आला होता, लाल नाकाचा, बर्फानं ओला, दारातच उभा राहिला, टोपी पिळत. आत यायला तयार नव्हता. तुटक्या कझाखमध्ये म्हणाला, "उल्मेकेन, तुला माहीत असायला हवं. कप्पासनं आधी मला विचारलं होतं. मी खिंडीकडे बघितलं आणि म्हटलं, नाही जाणार. त्याचा हक्क आहे आम्हाला. मग त्यानं दोसानला विचारलं." तिनं तेव्हा काय म्हटलं होतं? म्हटलं होतं, "मग जिवंत राहिल्याबद्दल गोळ्या वाटायला आलास काय रे?" तो गेला. त्यानंतर बाजारात दिसायचा, मासेवालीशी घासाघीस करताना, काठी टेकताना, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालताना. आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. भित्रा. तिच्या मनात त्याचं तेच नाव होतं. एवढी वर्षं ती त्याच्यावर रागावून राहिली की तो नाही म्हणाला, आणि शिक्क्यावर रागावून राहिली की तो मिळाला; आणि मधली एक गोष्ट, दोघांच्या मधोमध, तिथंच पडून होती, सोफ्याखाली गेलेल्या गोळीसारखी, आणि तिनं एकदाही वाकून बघितलं नव्हतं. शिक्का दोघांकडे होता. हक्क दोघांना होता. मग दोसान 'नाही' का म्हणाला नाही?

कारण कप्पास आगा वयानं मोठा होता. कुळातला होता. दोसानच्या लग्नाची बोलणी करायला तोच आला होता तिच्या बापाकडे. चहाच्या वेळी तिनं त्यालाच वाकून सलाम केला होता. त्याच्यासमोर दोसान कधी पाय पसरून बसला नाही, सिगारेट ओढली नाही, डोळ्याला डोळा दिला नाही. अशा माणसानं म्हटलं, "दोसान बाळा, जाऊन ये." आता ढग असोत नाहीतर खुद्द मरण असो, त्याला नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं? तसलं तोंड त्याच्या आईनं त्याला दिलंच नव्हतं. चांगल्या घरातला होता. आणि उल्मेकेननं त्याच्यामागे काय केलं? तिनं त्याहून चांगलं घर केलं. बेकेनला लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचे होते, चीनच्या हद्दीपर्यंत. ती म्हणाली रेल्वे, तो रेल्वेत गेला. रौशान लग्न होऊन आली तेव्हा औषधांच्या दुकानात काम करायचं म्हणत होती. ती म्हणाली पुढच्या वर्षी बघू, आणि ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही, आणि रौशाननं परत विचारलेलं नाही. आणि ही? ही सहा-सात वर्षांची असताना उल्मेकेननं तिला अंगणातल्या बाकावर बसवून सांगितलं होतं, इथंच बस, हलायचं नाही, मी आलेच. शेजारणीकडे गेली, बोलता बोलता विसरली. आठवण झाली तेव्हा अंधारून आलं होतं, कडाक्याची थंडी. पोरगी बाकावर तशीच. पापण्यांवर पांढरं दव गोठलेलं, ओठ जांभळे, दोन्ही हात बाह्यांत. दार पंचवीस पावलांवर सुद्धा नव्हतं. "घरात का नाही गेलीस गं?" "तुम्ही हलू नको म्हणालात." सगळी इमारत कौतुक करत होती. काय गुणी पोर, काय वळण आहे घराला. उल्मेकेननं ते कौतुक अंगावर चादरीसारखं ओढून घेतलं होतं.

खाली गाडी खरखरली, एकदा, दोनदा, आणि बंद पडली. तिघांतल्या एकानं काहीतरी शिवी हासडली, ती धुरातून गोल होऊन वर आली. उल्मेकेनला एकाएकी फार गरम व्हायला लागलं. तिनं डोक्यावरचा पांढरा रुमाल सैल केला. समोर बसलेल्या पोरीकडे तिनं असं बघितलं, जसं बाजारात घोडं बघतात: मान, खांदे, जबडा. जबडा दोसानचा. बोलका नव्हे, मिटलेला. हिच्या परवान्यावर हे लोक एकामागून एक शिक्के मारतील. ढगातला, दोन इंजिनांचा, मोठ्या विमानाचा. आणि एक दिवस कुठल्यातरी तळावर कुणीतरी वयाचा, मानाचा, घरच्यासारखा माणूस हिला म्हणेल, तोगझान बाळा, जाऊन ये.

"त्या शाळेत," तिनं विचारलं, "नाही म्हणायचं शिकवतात का?"

"म्हणजे?"

"तू म्हणालीस ना, नियम आहे. त्याचा शिक्का असतो का वेगळा? परीक्षा असते?"

तोगझान जरा हसली, मग आजीचं तोंड बघून हसू आवरलं. "त्याचा कसला शिक्का, आपा. ते येतंच माणसाला."

"येतंच," उल्मेकेन म्हणाली.

मग तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तिच्या आत काहीतरी थंड होऊन एका जागी बसलं. तिनं पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि घरात ज्या आवाजाला रौशानचे कणकेतले हात थांबतात तो आवाज काढला. थांबलेही. ती मनातल्या मनात म्हणत होती, पोरी, आता माझ्याशी भांड. एकदा. तू भांडलीस तर मी ढगातल्या रेटिंगलाच दुवा देईन, अल्माटीला जा, जगाच्या टोकाला जा. फक्त एकदा मला नाही म्हण. मला म्हणता आलं तर तुला कुणालाही म्हणता येईल. माझ्यापेक्षा वाईट कप्पास आगा तुला मिळणार नाही.

"ढगातलं घ्यायचं नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "शिकवण्याचं घे. माझं ठरलंय."

तोगझानची बोटं लॅपटॉपवर थांबली. तिनं मान वर केली. एक क्षण तिच्या डोळ्यांत काहीतरी उभं राहिलं, जबड्याखालची शीर ताठ झाली, ओठ विलग झाले. आणि उल्मेकेनच्या सगळ्या अंगाला त्या विलग झालेल्या ओठांची अशी ओढ लागली की ती जागच्या जागी पुढे झुकली. म्हण. म्हण गं. हे काय बोलता आपा, म्हण. तुम्हाला काय कळतं विमानातलं, म्हण. चौथी शिकलेली बाई, म्हण. उद्धट हो.

ओठ मिटले. शीर खाली गेली. पोरीनं दोन बोटांनी लॅपटॉप हळूच मिटला, आवाज होऊ न देता, जसं झोपलेल्याच्या खोलीचं दार लावतात.

"त्यांना फोन करून सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी नीट होता. "जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

"अजून दुपार झाली नाही," उल्मेकेन म्हणाली.

"आत्ताच सांगितलेलं बरं. उगाच त्यांची खोटी."

"तुला राग नाही आला?"

"नाही, आपा. तुम्ही माझ्या भल्याचंच सांगणार."

आणि ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, आजीच्या पायांशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळहात पसरून तिनं पुढे धरले. दुव्यासाठी. तळहात कोवळे होते, एकाच ठिकाणी, अंगठ्याच्या बुडाशी, विमानाच्या दांड्यानं घट्टा पडलेला. उल्मेकेननं आपले हात उचलायचा प्रयत्न केला. ते गुडघ्यांवरून उठेनात. एवढ्या आयुष्यात तिचे हात दुव्याला कधी अडले नव्हते. लग्नांत, बारशांत, परीक्षांना, प्रवासाला, तिच्या तोंडून दुवा असा वाहायचा की लोक शेजारच्या गल्लीतून बोलवायला यायचे. तुझी वाट मोकळी होवो. हे चार शब्द तिला आता म्हणता येईनात. कुठली वाट? आणि ती बाई, जिनं आयुष्यात बोललेला शब्द कधी मागे घेतला नव्हता, नवऱ्याच्या मयतावर घेतला नव्हता, गेनादीच्या ओल्या टोपीसमोर घेतला नव्हता, ती नातीच्या पसरलेल्या तळहातांवर वाकली आणि ते तिनं आपल्या हातांनी दाबून बंद केले.

"मूर्ख पोरी," ती म्हणाली. आवाज फाटला होता, आणि तो तिनं सावरलाही नाही. "फोन नको करूस. ऐकतेस का? मी सांगितलं म्हणून नको करूस काही. यापुढे माझं ऐकायचं नाही. कुणाचंच ऐकायचं नाही, तुला पटल्याशिवाय. भांडायचं माझ्याशी. कळलं?"

तोगझाननं मान खाली घातली. आजी रागावलीय एवढंच तिला कळलं होतं, कशावर ते नव्हतं. तिनं खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला, उलटा, काळजीपूर्वक.

"बरं, आपा," ती म्हणाली.